सात मोजेपर्यंत

"घरात बसून कुणावर एवढं ओरडता हो?" कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी बाहेर काढत विचारलं.

सरांना उत्तर द्यायचं होतं, पण आवाजाच्या जागी नुसती फरफर बाहेर आली. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "कुणावर नाही हो. शिकवतात."

"चाळीस मुलांना की चार गावांना?"

डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं. सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. सव्वीस वर्षं त्यांनी एका लांबलचक वर्गात शिकवलं होतं आणि माइक न घेता शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवणं हीच त्यांची ख्याती होती. मुलं त्यांना पाठीमागे 'भोंगा' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. मग मुख्य इमारतीचं छत धोकादायक ठरलं, तिला कुलूप लागलं आणि गेल्या दीड वर्षापासून सगळे तास घरून सुरू झाले. झोपायच्या खोलीत कपाटाला टेकवलेला फळा, समोर लॅपटॉप आणि तोंडापासून वीतभर अंतरावर माइक. वीतभर! पण सर बोलायचे ते शेवटच्या बाकासाठीच. पडद्यावर चाळीस काळे चौकोन. कुणाचा चेहरा नाही, कुणी मान डोलवत नाही, कुणी धड जांभईसुद्धा देत नाही. आपलं समोर पोचतंय की नाही हे कळेनासं झालं की माणूस आपोआप आवाज चढवतो. सरांनी तो दीड वर्ष चढवत नेला.

"उजव्या स्वरतंतूवर रक्त उतरलंय," डॉक्टर म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यातली थट्टा गेली होती. "चौदा दिवस तोंड बंद. शब्द नाही, हुंकार नाही, खाकरणं नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने जास्त ताण पडतो. पंधराव्या दिवशी या. मधे एकदा जरी जोर लावलात, तर हा आवाज परत मिळेल असं मी लिहून देणार नाही."

वाटेत बायकोने एक पांढरी पाटी आणि मार्कर घेतला. ती औषधांच्या दुकानात काम करायची, त्यामुळे डॉक्टरांचा शब्द तिच्यासाठी शेवटचा. "रजेचा अर्ज आजच्या आज पाठवा हं," ती म्हणाली. "मी मागे लागणार नाही. तुम्ही लहान नाही आहात."

सरांनी मान डोलावली. तेव्हा त्यांना तो खरंच पाठवायचा होता.

अर्ज लिहायला बसले. तीन ओळी लिहिल्या, पुसल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी एकही तास बुडवला नव्हता. ताप अंगात घेऊन शिकवलं होतं, दाढ काढून आलेल्या दिवशी शिकवलं होतं. त्यातून परीक्षा महिन्यावर आलेली. रजा घेतली तर तास जाणार दुसऱ्या तुकडीच्या सरांकडे, आणि ते पुस्तक वाचून दाखवतात. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण एकच होतं, आणि ते म्हणजे भीती. आवाज गेलेल्या भोंग्याचं करायचं काय, हा प्रश्न कॉलेजला पडायच्या आधी सरांना पडला होता.

कॉलेजचं एक 'स्वास्थ्य पत्रक' होतं. घरून काम करणाऱ्या शिक्षकांनी दर शुक्रवारी ते भरायचं. पाणी किती प्यायलात, चाललात किती, झोप झाली का, मनावरचा ताण एक ते पाचमध्ये किती. सर दीड वर्ष न चुकता ताणापुढे 'एक' लिहीत आले होते. विभागप्रमुख बाई म्हणायच्या, "सर, तुमचं पत्रक वाचलं की मलाच बरं वाटतं." आता अशा माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं की माझ्या घशात रक्त उतरलंय?

आणि मग त्यांना गेल्या वर्षीची रेकॉर्डिंग आठवली.

गेल्या वर्षी हाच अभ्यासक्रम त्यांनी याच खोलीतून शिकवला होता, आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे प्रत्येक तास रेकॉर्ड केला होता. पडद्यावर फळा आणि लिहिणारा हात, एवढंच दिसायचं. ऐकू यायचा तोही फक्त सरांचा माइक. मुलांची उत्तरं त्यात नव्हती, तिथे नुसती पोकळी होती. सरांची पद्धत ठरलेली. प्रश्न विचारायचा आणि मनात सात मोजायचे. नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं, मुलांना शांतता सोसत नाही, सातच्या आत कुणीतरी तोंड उघडतंच. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न होता, मग सात आकड्यांची शांतता होती, आणि मग सरांचं 'बरोबर!' नाहीतर 'चूक!'. या वर्षीच्या मुलांनी त्या शांततेत बोलायचं, बस्स. टाइप करून कुणी काही विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. 'माझ्या तासाला तोंडाने बोलायचं' असा सरांचा दंडक, म्हणून त्यांनी लिहायची सोयच बंद करून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सरांनी श्वास रोखून बटण दाबलं. "आवाज येतोय का? येतोय ना? चला!" गेल्या वर्षीचे सर खणखणीत आवाजात म्हणाले. ते नेहमी असंच, एका दमात म्हणायचे. उत्तरासाठी थांबायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

पाचच मिनिटांत दार धाडकन उघडलं आणि सरांची आई आत आली. बायको कामावर गेल्यावर पहारा तिच्याकडे होता. "दादा! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला?" ती कडाडली आणि जागीच थबकली. तिचा मुलगा ओठ घट्ट मिटून बसला होता, आणि त्याचाच आवाज खोलीभर गर्जत होता. सरांनी दोन्ही हात जोडले. आई मुलाकडे बघत राहिली, मग लॅपटॉपकडे, मग परत मुलाकडे. "चांगलं आहे," ती म्हणाली. "फक्त हाही तुझ्यासारखाच कुणाचं ऐकत नाही." आणि दार लोटून निघून गेली. बायकोला मात्र तिने काही सांगितलं नाही.

कुणालाही कळलं नाही. पहिल्या दिवशी सर धास्तावलेले होते, दुसऱ्या दिवशी खूश झाले, तिसऱ्या दिवशी त्यांना टोचायला लागलं. चाळीस जण रोज ऐकतात, मधे उत्तरं देतात, आणि समोर माणूस नाही याचा एकालाही पत्ता लागत नाही. म्हणजे एरवी तरी समोर माणूस कुठे होता? हा विचार काही केल्या पाठ सोडेना.

त्याच तिसऱ्या दिवशी काकू बोलल्या.

काकू म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. पस्तिशीच्या, बारा वर्षांच्या खंडानंतर शिक्षण पुरं करायला आलेल्या. मुलांनीच हे नाव पाडलं होतं आणि त्यांनी ते हसून घेतलं होतं. वर्षभर त्यांनी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. रेकॉर्डिंगमधल्या सरांनी विचारलं, "नाणं पाच वेळा उडवलं. पाचही वेळा छापा. सहाव्या वेळी छापा पडायची शक्यता किती?" शांतता सुरू झाली. मोजणी चारपर्यंत आली तेव्हा एक माइक उघडला. मागे भांड्यांचा आवाज होता.

"अर्धीच, सर," काकू चाचरत म्हणाल्या. "नाण्याला मागचं काय आठवतंय?"

सर खुर्चीतून अर्धे उठले. सव्वीस वर्षांत हे उत्तर इतक्या नेमक्या शब्दांत त्यांना कुणी दिलं नव्हतं. आणि तेवढ्यात रेकॉर्डिंग गरजलं, "चूक! इथेच सगळे फसतात. जरा डोकं वापरा!"

गेल्या वर्षी कुणीतरी 'फार कमी' असं सांगितलं होतं. ती झापणी त्याच्यासाठी होती.

सरांचा हात बटणावर गेला. पण थांबवायचं म्हणजे सगळंच सांगायचं. हात तिथेच राहिला, आणि पुढच्या मिनिटाला रेकॉर्डिंगने स्वतःच समजावून सांगितलं की शक्यता अर्धीच असते. काकूंचा माइक बंद झाला होता. सरांनी हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पुढे लाल शाईने बरोबरची खूण केली. आवाज आला की भरपाई करू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

काकूंनी हार मानली नाही. एकदा उघडलेलं तोंड त्यांना बंद करायचं नव्हतं. पाचव्या दिवशी दोन फाशांचं उत्तर दिलं, बरोबर दिलं. "नाही! आधी ऐकून घ्या, मग बोला." सातव्या दिवशी बोलल्या. "कुठून आणता हो ही उत्तरं?" आठव्या दिवशी आवाज अगदी खाली गेला होता, तरी बोलल्या. "परत तेच!" प्रत्येक वेळी सर ओठ चावत बसले, प्रत्येक वेळी वहीत एक ओळ वाढली, एक लाल खूण वाढली. वर्गातही कुणी काही बोललं नाही. भोंगा असाच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मधल्या शुक्रवारी सरांनी पत्रकात ताणापुढे 'एक' लिहिलं.

दहाव्या दिवशी परीक्षेतून नाव काढून घ्यायची मुदत दुपारी एकला संपत होती. सरांच्या ते ध्यानातही नव्हतं.

दहा चाळीसला रेकॉर्डिंगमधल्या सरांनी विचारलं, "मग आता शेवटची पायरी कोणती? बोला, कोण सांगतंय?" या प्रश्नाला गेल्या वर्षी कुणी बराच वेळ बोललंच नव्हतं. सरांनी सात तीनदा मोजले होते. लांबलचक शांतता पसरली आणि तिच्यात काकूंचा माइक उघडला.

"सर, मला उत्तर द्यायचं नाहीये. विचारायचंय," त्या म्हणाल्या. "मी रोज बोलते आणि रोज चुकते. मग तुम्ही सांगता ते उत्तर मला माझ्याच उत्तरासारखं वाटतं. म्हणजे मला काय समजतंय तेच मला समजत नाहीये. माझ्याच्याने आता व्हायचं नाही. नाव काढायचा अर्ज भरून ठेवलाय. सर, पाठवून देऊ का?"

सर ऐकत राहिले होते, आणि मग त्यांना आठवलं की आता पुढे काय येणार आहे. ते झेपावले. माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा धावला, बटणावरून घसरला, परत आला.

"हो! अगदी बरोबर!" रेकॉर्डिंग आनंदाने ओरडलं. "एवढं सुचायला इतका वेळ लागला? हे आधीच करायला हवं होतं!"

सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं तेव्हा काकूंचा चौकोन नाहीसा झाला होता.  एक मुलगा घाबरत म्हणाला, "सर, हे काय बोललात तुम्ही?" दुसरी म्हणाली, "सर? सर, आवाज येत नाहीये." सर त्या काळ्या चौकोनांकडे बघत बसले. त्यांना ओरडावंसं वाटत होतं, आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. शेवटी त्यांनी तास बंद केला.

हजेरीच्या वहीत काकूंचा नंबर होता. सरांनी मेसेज पाठवला, 'कृपा करून अर्ज पाठवू नका, सांगतो सगळं.' मेसेज पोचलाच नाही. कॉलेजच्या कार्यालयाला लिहिलं, उत्तर नाही. अकरा वाजता, साडेअकराला, बाराला फोन केला. नुसती घंटा. बारा वीसला तो उचलला गेला.

"हॅलो? कोण?"

सरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माइकवर बोटाने टकटक केली. दुसरं काय करणार होते!

"कोण आहे? बोलत का नाही?" फोन बंद झाला.

सर पाटी घेऊन आईच्या खोलीत धावले. आई कानातलं यंत्र काढून पुसत बसली होती. त्यांनी भराभर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आईने यंत्र कानात घातलं, चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि मुलाकडे असं पाहिलं की पन्नाशी ओलांडलेले सर तिसरीतले झाले. "लाव फोन," ती म्हणाली.

या वेळी तो लगेच उचलला गेला.

"हॅलो, मी सरांची आई बोलतेय."

"कुठल्या सरांची?"

"भोंग्याची," आई म्हणाली. सरांनी कपाळाला हात लावला. हे नाव आईलाही ठाऊक आहे हे त्यांना आजच कळत होतं.

 काकू थंडपणे म्हणाल्या, "बोला."

आईने पाटी डोळ्यांजवळ धरली. "तो लिहितोय, मी वाचते. 'आज तुम्हाला जे उत्तर मिळालं ते मी दिलेलं नाही.'"

"आजी, मी या कानांनी ऐकलंय. आवाज सरांचाच होता."

"आवाज त्याचाच गं. पण गेल्या वर्षीचा." आता आईने पाटी खाली ठेवली. लेकाचं लिहिणं फार सावकाश चाललं होतं. "घशात रक्त उतरलंय त्याच्या. चौदा दिवस तोंड उघडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. उघडलं तर आवाज कायमचा जाईल. तर सरळ रजा घ्यायची की नाही? नाही! हा शहाणा जुनं रेकॉर्डिंग लावून बसतो. तू जे बोललीस ते त्या डब्याशी बोललीस, पोरी."

 पलीकडे पाण्याचा नळ वाहत होता. मग तो बंद झाल्याचा आवाज आला.

"म्हणजे मी रोज उत्तर देत होते तेव्हा तिथे कुणी नव्हतंच?"

सरांनी लिहिलं. आईने वाचलं, "'मी होतो. ऐकत होतो.'"

"ऐकत होतात?" काकूंचा आवाज एकदम चढला. "ऐकत होतात आणि गप्प बसलात? सर, मी पहिल्यांदा बोलले ना, तेव्हा माझी मुलगी शेजारी बसली होती. सकाळपासून मी तिला सांगत होते, आज मी वर्गात बोलणार. चौथ्या वेळी ती मला म्हणाली, आई, तू नको ना बोलूस."

आईने मुलाकडे पाहिलं. 

"मला आता वाचून दाखवलेलं नको," काकू म्हणाल्या. "माझं बरोबर होतं की चूक, ते सरांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. एक शब्द. नाहीतर अर्ज पाठवते. बारा चाळीस झालेत."

सरांनी श्वास घेतला. आईने झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "खबरदार, दादा!" सरांनी तो हळूच बाजूला केला. एक शब्द, चार अक्षरं. दहा दिवस पाळलेलं मौन आणि पुढची सगळी वर्षं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ही बाई, जिला त्यांनी समोर बसून गप्प केलं होतं. सांगून टाकावं, जातोय तर जाऊ दे, असं त्यांच्या मनाने घेतलंही होतं. जीभ वर उचलली आणि त्यांना तो शब्द रेकॉर्डिंगच्या आवाजात ऐकू आला. 'बरोबर!' गेल्या वर्षभरात त्यांनी तो किती वेळा म्हटला होता! त्याच कपाटापुढे, त्याच माइकवर, कोण बोललं हे न बघता. तो आणखी एकदा म्हटल्याने हिला काय मिळणार?

त्यांनी फोन बंद केला.

"अरे! तोडलास काय?" आई ओरडली. सर झोपायच्या खोलीत गेले, हजेरीची वही उचलली आणि काकूंना व्हिडिओ कॉल लावला. तीन घंटा झाल्या. चार. पाच. काकूंनी उचलला.

दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं. सरांची दहा दिवसांची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. काकू स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या होत्या, ओला हात पदराला पुसत. सरांनी वहीचं शेवटचं पान कॅमेऱ्यासमोर धरलं. 

काकू वाचायला लागल्या. आधी मनात, मग हळू आवाजात. "'दिवस तिसरा. अर्धीच, सर. नाण्याला मागचं काय आठवतंय?'" त्या थांबल्या. "हे तर माझं वाक्य आहे. जसंच्या तसं." पुढे तीन ओळी होत्या, पुढे तीन लाल खुणा. त्यांनी सगळ्या वाचल्या. फाशांच्या ओळीपाशी परत गेल्या. "हेही बरोबर होतं?"

सरांनी मान डोलावली.

"आणि हे?"

परत मान डोलावली. मग पाटी उचलून लिहिलं, 'चूक माझी. आवाज परत आला तर पहिलं वाक्य तुमच्यासाठी, सगळ्या वर्गासमोर. नाही आला तर पाटीवर, पण सगळ्या वर्गासमोरच.'

भिंतीवरच्या घड्याळात बारा बावन्न झाले होते. काकू पाटीकडे बघत होत्या, मग सरांच्या चेहऱ्याकडे. रागावल्या होत्या हे दिसत होतं, आणि राग जायची घाईही त्यांना नव्हती.

"आवाजावरून तुम्ही मला चांगले उंच वाटला होतात," त्या शेवटी म्हणाल्या. "उद्या काय लावणार आहात? पुढचं रेकॉर्डिंग?"

सरांनी जोराने मान हलवली आणि लिहिलं, 'उद्या पाटी.'

"बघू," असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

एकला पाच मिनिटं असताना सरांनी नावं काढून घेणाऱ्यांची यादी उघडली. एकला परत उघडली. एक वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा उघडली. काकूंचं नाव तिच्यात नव्हतं. सर पलंगावर बसले आणि पाटी छातीशी धरून रडले. आवाज होऊ नये म्हणून तेही तोंड दाबून.

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं लिहून दिलं. तिने ते वाचलं, घडी घातली आणि दोन दिवस त्यांच्याशी अक्षर बोलली नाही. घरात दोघंही मुके झाल्यामुळे सगळा कारभार आईच्या हाती गेला. विभागप्रमुख बाईंना सरांनी नवं पत्रक पाठवलं, ताणापुढे 'पाच', आणि सोबत घडलेलं सगळं लिहून. बाईंनी लेखी समज दिली, आणि खाली हाताने लिहिलं, 'आधी का नाही सांगितलंत हो?' वर्गासमोर सर कॅमेरा लावून बसले आणि पाटीवर एकेक ओळ लिहून खरं ते सांगितलं. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. उरलेले तास पाटीवरच चालले. सर लिहीत, मुलं आळीपाळीने मोठ्याने वाचत. काकू रोज हजर असत. बोलत मात्र नसत.

पंधराव्या दिवशी सकाळी आठलाच डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "रक्त जिरलंय, सूज उतरलीय," ते म्हणाले. "हं, 'ई' म्हणा."

सरांनी पाटीवर लिहिलं, 'इथे नाही.'

"मग कुठे? व्यासपीठ बांधून घेतलंय का?" डॉक्टर वैतागले. "आवाज आहे की गेला, ते बघायलाच मी बसलोय ना!"

"दहा वाजता यांचा तास आहे," बायको म्हणाली. "कुणाला तरी शब्द दिलाय यांनी." तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती.

'गेला असेल तर तेही तिथेच कळू दे,' सरांनी लिहिलं.

डॉक्टरांनी पाटी वाचून परत दिली. "बरं. पण शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतकंच. आणि तास संपल्यावर इथे परत."

दहाला सर लॅपटॉपसमोर बसले. पाठीमागे पलंगावर आई आणि बायको. पडद्यावर चाळीस काळे चौकोन आले. माइक वीतभर अंतरावर होता, तो त्यांनी आणखी जवळ ओढला.  त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. आईने पलंगाची कड घट्ट धरली. सरांनी तोंड मिटलं आणि परत उघडलं.

"नाण्याचं उत्तर..." आवाज घोगरा, फाटका, खोलीच्या दारापर्यंतही पोचला नसता असा. "अर्धीच. काकूंचं बरोबर होतं. चारही उत्तरं बरोबर होती. चूक माझी होती."

एवढं बोलून ते दमले. 

"आवाज येतोय का?" सरांनी विचारलं, आणि थांबले. मनात मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाच.

एक चौकोन उजळला. काकू स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांना चिकटून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती.

"येतोय, सर," काकू म्हणाल्या. "बारीक येतोय, पण येतोय. तेवढं नाण्याचं परत एकदा सांगा. हिला ऐकायचंय."